भाकरी सोडलेला पैलवान

मला चप्पल चावली. कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापुरी चप्पल चावावी, ही गोष्ट चारचौघांत सांगायचीसुद्धा लाज वाटते, पण झालं खरं. नवी जोडी आधी तेल पाजून मऊ करायची असते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी चौसष्ट वर्षांचा शहाणा, दुकानातनंच ती पायात घालून करकर वाजवत निघालो. उजव्या अंगठ्याच्या कडेला घासलं, फोड आला, फुटला. म्हटलं, चार दिवसांत बरं होईल. दीड महिना झाला तरी जखम तशीच ओली. हळद झाली, कडुलिंब झाला, बायकोची बडबडही झाली. शेवटी एके दिवशी तिनं रिक्षाच दारात आणून उभी केली, आणि मी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसलो.

बाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. पायाकडं बघायच्या आधी त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. काटा एकशेतीनवर जाऊन थांबला. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. आमच्यात शंभरीच्या आतल्या माणसाला कोण विचारतंय? मग रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद हातात घेतला. साखर इतकी होती की बाईंनी नावाची खात्री करून घेतली.

"घरात अजून कुणाला आहे का शुगर?"

"थोरल्या भावाला होती."

"आता कसे आहेत ते?"

"गेले की. दोन वर्षं झाली."

"कशानं?"

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. "पायापासनंच सुरू झालं," म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी तुम्हाला वेगळं काय सांगू, काका? अंगठा ठेवायचाय की भाकरी, एवढंच ठरवा. पुढं बाकीचा पाय आहे."

आता माझी भाकरी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला पाहिजे. विशीत मी चार वर्षं तालमीत होतो. एका गावच्या जत्रेत एक कुस्ती मारली. बक्षीस नारळ आणि टॉवेल. हरलेल्या गड्याला त्या दिवशी ताप होता असं नंतर कळलं, पण ते मी फारसं कुणाला सांगत नाही. त्या एका नारळावर मी आजतागायत पैलवान आहे. पुढं कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी लागली आणि जोर-बैठका सुटल्या. खुराक सुटला नाही. तो कसा सुटंल? सकाळी लिटरभर म्हशीचं दूध, दुपारी चार भाकरी, वर भाताचा डोंगर, जेवणावर तूप-गूळ, रविवारी मटण, आणि मटण आहे म्हणून दोन भाकरी जास्त. व्यायाम चार वर्षं केला आणि खुराक चाळीस वर्षं खाल्ला. आमच्या गल्लीत असे आठ-दहा पैलवान तरी निघतील. सगळ्यांची पोटं पुढं, छात्या मागं, आणि बोलणं असं की उद्याच मैदानात उतरणार आहेत.

बाईंनी यादी दिली. भाकरी बंद, चपाती बंद, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा बंद. साखर तर बंदच. गोळ्या लिहून दिल्या, त्या कमी करायच्या का नाही ते मी ठरवेन, तुम्ही नाही, असं दोनदा बजावलं. मी रडकुंडीला आलो.

"मग खायचं काय, मॅडम? हवा?"

"अंडी खा. पनीर खा. पालेभाज्या भरपूर खा. ताक प्या. मासे, मटण बेतानं चालेल."

"मटण चालंल?"

"चालेल."

मी उठून त्यांच्या पाया पडणार होतो. रिक्षात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. मटण चालंल, पण भाकरी नाही. मग तांबडा रस्सा काय हाताच्या ओंजळीनं प्यायचा? पांढरा आम्ही वाटीनं पितो, ते ठीक. पण भाकरी कुस्करल्याशिवाय तांबडा, हे मी कधी बघितलेलं नव्हतं. ही शिक्षा सरकारनंसुद्धा कुणाला दिली नसती.

घरी बायकोनं यादी वाचली आणि माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलं. तिची भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ, फुगली की टम्म. लग्न होऊन आली तेव्हापासून सगळ्या पै-पावण्यांत तिचं नाव भाकरीवर आहे. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं पीठ मळलं, आणि मळून झाल्यावर हात तसाच परातीत ठेवून बसली.

"आता ह्याचं काय करू?"

"तू खा की."

"चार भाकरी मी एकटी खाऊ? मग मला बी न्या की त्या मॅडमकडं."

त्या दिवशी मी तीन अंडी, मेथीची भाजी आणि वाटीभर दही खाल्लं. पोट भरलं, पण जेवलो असं वाटेना. रात्रीपर्यंत मी चिडचिड करत घरभर फिरलो. आठ दिवस डोकं दुखलं. बायको म्हणाली, "भाकरी सोडल्यापासनं तुमचं तोंड लई सुटलंय." सुटणारच. तोंडाला दुसरं काम काय उरलं होतं?

पंधरा दिवसांनी परत तपासणी. साखर थोडी उतरली होती, पण बाईंच्या मनासारखी नाही. काय काय खाता ते सगळं सांगा, म्हणाल्या. मी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. अंडी, भाजी, दही, आणि दिवसातनं चार वेळा चहा.

"चहात साखर?"

"छे! साखरेला हात लावला नाही मॅडम. गूळ."

बाईंनी डोळे मिटले.

आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा. सगळ्या गावात पाट्या लागल्यात 'गुळाचा चहा', आणि शुगरवाली माणसंच तिथं गर्दी करून उभी असतात. आमचा तर घरचा ऊस, बावड्याच्या रानातला. लहानपणी गुऱ्हाळावर काकवी ओंजळीनं प्यायलेला माणूस मी. गूळ पोटात जाऊन साखर होतो, हे कुठल्या तोंडानं मान्य करायचं? साखर कारखान्याची, गूळ आपला. पोटाला मात्र आपलं-परकं कळत नाही, असं बाई म्हणाल्या. मी चहा बिनगुळाचा केला. पहिला घोट घेतला आणि बायकोला विचारलं, भांडं नीट धुतलं होतंस का?

आता भावाचं सांगतो. टाळून चालणार नाही.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. बावड्याची शेती तोच बघायचा. त्यालाही शुगर, आणि त्यालाही पायालाच लागलं, तुटलेल्या उसाच्या बुडख्यानं. आधी अंगठा काढला, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखाली पाय. मी रोज दुपारी दवाखान्यात जायचो, कारण वहिनी त्या वेळी घरी आंघोळीला जायच्या. त्यांचा पहारा कडक. पथ्याच्या डब्याशिवाय त्याच्या तोंडात काही जाऊ द्यायच्या नाहीत. वहिनींची पाठ वळली की दादा माझ्याकडं बघायचा.

"गोड कायतरी आण की रं."

मी आणायचो. गरम जिलेबी, कागदात गुंडाळून, शर्टाच्या आत. "खा, एकानं काय हुतंय?" असं मीच म्हणायचो. तो डोळे मिटून खायचा. तोंडावर असं समाधान यायचं की मला वाटायचं, ह्या डॉक्टर लोकांपेक्षा मीच त्याला जास्त बरं करतोय. असं मी तीनदा केलं. चारदा असेल. पाय काढल्यावर सहा महिन्यांनी दादा गेला. जिलेबीनं गेला असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही, आणि मीही कुणाला कधी बोललो नाही. वहिनींच्या समोर बसलो की मात्र मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. सगळ्यांना वाटायचं, भावाचं दुःख आहे. दुःख होतंच. पण नुसतं दुःख नव्हतं.

म्हणून मी भाकरी सोडली. अंगठ्याला मी रोज सकाळी बघायचो, आणि मला दादाचा अंगठा दिसायचा. भीतीनं सोडली, सरळ सांगतो. पुढं लोक म्हणायला लागले की पैलवानाचा निर्धार मोठा. कसला निर्धार? फाटली होती माझी.

दोन-तीन महिन्यांत वजन उतरायला लागलं. पँटी ढिल्या झाल्या, गालाची हाडं दिसायला लागली. आणि गावात बातमी पसरली की मी काही फार दिवसांचा सोबती नाही.

आमच्याकडं जाड माणसाला तब्येत विचारत नाहीत. बारीक झाला की विचारतात. सकाळी रंकाळ्यावर फिरायला आमचा सातजणांचा ग्रुप आहे. फिरणं अर्धा तास, मग मिसळ एक तास. मी एकटाच पाव बाजूला सारायचो, फरसाण काढून ठेवायचो, आणि मटकी-कट चमच्यानं खायचो. मिसळवाला रोज बघायचा. शेवटी त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पावणं, आजार सांगण्यासारखा हाय का न्हाई?"

ग्रुपमधले तर उघड बोलायचे.

"पार खंगलास की रं."

"ह्या वयात कुणी वजन कमी करतंय व्हय? अंगावर असलेलं बरं असतंय. आजारपणात उपयोगी पडतंय."

अंगावरच्या चरबीला मुदतठेव समजणारी ही माणसं. मग भेटायला येणारे सुरू झाले. दारात हळू चपला काढायच्या, बायकोकडं बघून मान हलवायची, आणि माझ्या हातात पिशवी द्यायची. पिशवीत केळी. एका आठवड्यात घरात चार डझन केळी झाली. मी बरा होत होतो आणि लोक मला आजारी समजून मी खाऊ नये ते सगळं आणून देत होते. वर बसून आग्रह.

"खावा की एक. एकानं काय हुतंय?"

हे शब्द ऐकले की माझं टाळकं फिरायचं. लोकांना वाटायचं, आजारानं तापट झालाय.

आजऱ्याच्या मेव्हण्याचं वेगळंच. तो दरवर्षी आम्हाला घनसाळ तांदळाचं पोतं पाठवतो. शिजायला ठेवला की शेजारच्या घरात वास जातो, असला तांदूळ. यंदा पाठवू नकोस असा बायकोनं निरोप दिला, तर त्याचा मला फोन.

"काय चुकलं आमचं, दाजी?"

"कुणाचं काय चुकलं न्हाई. भात सोडलाय मी."

"भात सोडला म्हंजे सोयरीक सोडली काय?"

त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी पोतं आलंच. वर चिठ्ठी, 'पावण्यांसाठी.'

असो. आठ महिन्यांत काटा ब्याऐंशीवर आला. जखम कधीच सुकली होती. बाईंनी अर्ध्या गोळ्या कमी केल्या आणि मला एक बुटांचा जोड घ्यायला लावला. मऊ, फुगीर, राखाडी रंगाचे, पुढनं बदकासारखे. आयुष्यभर करकर वाजवत चाललेल्या माणसाला ते बूट घालून गल्लीतनं जाताना काय वाटतं ते मलाच माहीत. आवाजच नाही पायाचा. पण जमिनीवर मांडी घालून बसलो की हात न टेकता उठायला लागलो. जिना चढताना बायको मागं पडायला लागली. एकदा आरशासमोर उभा राहून मी दंड काढून बघितला. दंड काही नव्हता, कातडं लोंबत होतं. तरी बरं वाटलं.

मग मागच्या महिन्यात पुतण्याच्या मुलीचं बारसं आलं, बावड्याला. दादाची पहिली नात. दारात मांडव, पंगत जमिनीवर, मसालेभात, वांग्याची भाजी, आणि जिलेबी. जिलेबीच असणार. दादाला आवडायची म्हणून त्या घरात दुसरं गोड कधी होतच नाही.

आमच्या पंगतीची एक रीत आहे. वाढणारा पानात वाढून पुढं गेला तर तो अपमान. त्यानं समोर वाकून उभं राहायचं, जेवणाऱ्यानं पानावर आडवे हात धरायचे, वाढणाऱ्यानं ते हात बाजूला सारायचे, आणि चारचौघांनी आरडाओरडा करून दोघांना चढवायचं. ह्यात वाढणारा हरला असं मी आयुष्यात बघितलेलं नाही. मीही शेकडो माणसांना असं हरवलंय. त्या दिवशी मी ताटात फक्त भाजी, कोशिंबीर आणि ताक घेऊन बसलो होतो, आणि पुतण्या जिलेबीची परात घेऊन समोर येऊन उभा राहिला. पस्तिशीचा पोरगा, बापासारखाच गोरा, बापासारखंच पोट.

"काका, एक."

"नको रं बाळा."

"नातीचं बारसं हाय. एकानं काय हुतंय?"

मी पानावर हात आडवे धरले. आजूबाजूला ओरडा सुरू झाला. "वाढ, वाढ! सोडू नगंस पैलवानाला!" पुतण्यानं जिलेबी उचलली, माझ्या हाताजवळ आणली, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बाबांच्या नावानं घ्या, काका. आज ते असते तर पहिली जिलेबी त्यांनीच तुमच्या तोंडात घातली असती."

माझे हात आपोआप बाजूला झाले. त्यानं जिलेबी माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती, पाक बोटांवरनं ओघळला. आठ महिने मी सगळ्या गावाला नाही म्हणालो होतो. दादाला कसं म्हणू? मी हात तोंडाकडं नेला.

"भावजी."

वहिनी माझ्या मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हातात ताकाचा तांब्या. त्या खाली वाकल्या, भांड्यात ताक ओतल्यासारखं केलं, आणि मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलल्या.

"दवाखान्यात त्यांच्या उशीखाली कागद घावलता. जिलेबीचा."

जिलेबीचा हात तोंडाजवळच थांबला.

"कुणी आणली ते मला ठाव हुतं. मी कुणाला बोलले न्हाई. तुमास्नी बी न्हाई. तीन वर्सं तुमच्यावर राग धरून काढली मी. आता तुमी बी त्याच वाटंनं गेलासा, तर राग कुणावर धरू?"

एवढं बोलून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि पुढच्या पानावर ताक वाढायला गेल्या.

मी जिलेबी परत परातीत ठेवली.

"काका, बाबांच्या नावाची हाय की!" पुतण्या म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"म्हणूनच ठेवतोय," म्हणालो. "आणि तू पण खाऊ नकोस. उद्या सकाळी माझ्याबरोबर त्या मॅडमकडं चल. तुझ्या बाबाला जिलेबी मी द्यायचो दवाखान्यात. चोरून. आईला विचार."

त्यानं परात खाली ठेवली. मग मी रडलो. भर मांडवात, सगळ्या पै-पावण्यांच्या देखत, चौसष्टीचा पैलवान. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "बघा, अशक्तपणा किती आलाय."

वहिनी फिरून परत आल्या. मी डोळे पुसून वर बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत. त्यांनी माझ्या पानात कोशिंबीर वाढली. एकदा वाढली, आणि आग्रह न करता पुढं गेल्या.